गुरगुर, कुजबूज आणि ढोल-ताशा: पालट्यांच्या एका ऑडिओबुकचं प्रकरण

कादंबरी ७८,००० शब्दांची, ३४ प्रकरणांची, इंग्रजीतून मराठीत आणलेली. गोष्ट अमेरिकेतल्या नदीकाठच्या एका शहरातली. नायिका रात्रपाळीला अँब्युलन्स चालवते आणि वेळ आली की लांडगी होते. अशा रूप पालटणाऱ्यांना, म्हणजे शेपशिफ्टरांना, मराठीत ‘पालटे’ म्हटलं आहे. नदीपलीकडची गोदामं व्हॅम्पायरांच्या ताब्यात. अर्बन फँटसीचा अगदी ठरलेला मामला. पुस्तकभर एकच आवाज, एका अभिवाचिकेचा. रेकॉर्डिंग पुण्यात, फ्लॅटच्या आतल्या खोलीत उभारलेल्या बूथमध्ये. पहिली ९ प्रकरणं, म्हणजे साधारण ३ तासांचा तयार माल, प्रूफ ऐकणाऱ्याकडे गेला आणि १४३ शेरे घेऊन परत आला. (पुस्तक बिननावाचं आणि प्रकरण नमुन्याचं आहे. अशा कामांत पुन्हा पुन्हा होणारे घोळ इथे एकाच पुस्तकावर मांडले आहेत, आकडेही त्याच हिशेबाने घेतले आहेत.)

शेरे वाचल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरते. ‘भीती वाटली नाही’ अशी तक्रार एकही नव्हती. तक्रारी होत्या त्या ‘इथे काय म्हणाला ते ऐकू आलं नाही’, ‘कोण बोललं?’, ‘अचानक कान फुटले’ आणि ‘हा आवाज कालच्या प्रकरणात वेगळा होता’ अशा. म्हणजे अभिनय पास, ऐकणं नापास. भुताखेतांच्या ऑडिओबुकात हे फार घडतं, कारण सगळ्यांचं लक्ष राक्षसी आवाज काढण्यावर असतं आणि तो आवाज स्वयंपाकघरात कुकरच्या शेजारी ठेवलेल्या मोबाइलवर ऐकला जाणार आहे, हे कुणाच्या ध्यानात नसतं.

सातवं प्रकरण सगळ्यात वाईट. त्यात व्हॅम्पायरांची मुख्य असलेली बाई गोदामात नायिकेशी अकरा मिनिटं जवळजवळ कुजबुजत बोलते आणि शेवटी नायिका एकदाच गुरकावते. (अनुवादात ‘डरकाळी फोडली’ होतं. डरकाळी वाघाची. लांडगी गुरकावते. हे दुरुस्त केल्यावर अर्धा अतिरेक आपोआप गेला, कारण ‘डरकाळी’ हा शब्द समोर दिसला की माणूस छाती फुगवतोच.)

आता आकडे बघू. ऑडिओबुकं विकणाऱ्या ऑडिबलची एसीएक्स ही निर्मितीसेवा भारतातल्या निर्मात्यांना खुली नाही, पण तिचे नियम स्पष्ट लिहिलेले आहेत आणि मोजपट्टी म्हणून सोयीचे आहेत. प्रत्येक फाइलची सरासरी पातळी, म्हणजे आरएमएस, उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या मध्ये. सर्वांत मोठा आवाज उणे ३ च्या वर जाता कामा नये. कुणी बोलत नसतानाची खोलीची शांतता उणे ६० किंवा त्याहून खाली. ४४.१ किलोहर्ट्झ, किमान १९२ केबीपीएसची स्थिर बिटरेटची एमपीथ्री, एक फाइल १२० मिनिटांपेक्षा मोठी नको, सुरुवातीला आणि शेवटी थोडी खोलीची शांतता. शून्य ही डिजिटल कमाल असल्यामुळे सगळे आकडे उणे येतात.

सातव्या प्रकरणाचं कच्चं रेकॉर्डिंग मोजलं तर सरासरी उणे ३१, गुरकावण्याचं टोक उणे १, शांतता उणे ६६. शांतता उणे ६६ हा आकडा एरवी चांगलाच म्हणायचा. पण सरासरी उणे २० वर आणायची तर सगळं ११ डेसिबलने उचलावं लागतं. त्याबरोबर शांतताही उचलली जाते आणि उणे ५५ वर येते. नापास. गुरकावण्याचं टोक अधिक १० वर जातं, म्हणजे ते उणे ३ वर आणायला लिमिटरला, टोकं दाबणाऱ्या यंत्रणेला, १३ डेसिबल दाबावे लागतात. इतकं दाबल्यावर गुरकावणं उरत नाही, ताडपत्री फाटल्यासारखा आवाज येतो. दोन्ही दोषांचं मूळ एकच: कुजबूज फार हलकी आणि गुरकावणं फार मोठं, आणि दोन्ही एकाच फाइलमध्ये, एकाच गेनवर, म्हणजे माइकची पातळी एकदा लावून ती न बदलता.

इथे पहिल्या फेरीत जो मार्ग धरला गेला तो नेहमीचाच. सॉफ्टवेअरने सांभाळून घेऊ.

आधी नॉइज रिडक्शन लावलं. हे तंत्र खोलीच्या शांततेचा नमुना घेतं आणि तसा जो जो आवाज सापडेल तो कमी करतं. साध्या बोलण्यावर ते बऱ्यापैकी चालतं, कारण बोलण्यात स्वर असतो आणि खोलीच्या सळसळीत नसतो. खरी कुजबूज मात्र स्वरयंत्राच्या कंपनाशिवाय होते. ती स्वतःच एक सळसळ असते. यंत्राला कुजबूज आणि पंख्याची घरघर यांत फरक कळत नाही. ते दोन्ही खातं. उरतं ते पाण्याखालून बोलल्यासारखं, कडेकडेने बुडबुडे फुटत असल्यासारखं काहीतरी. या कामात १२ डेसिबलची कपात लावली होती. कुजबुजीवर ६ च्या पुढे जाऊच नये, आणि तेही नाइलाज असेल तर.

मग नॉइज गेट. ठरलेल्या पातळीखालचं सगळं बंद. व्हॅम्पायरीणबाईंच्या वाक्यांची शेपटं छाटली गेली: ‘तुला माहीत आहे’मधलं ‘आहे’ गायब. आणि दोन वाक्यांच्या मध्ये संपूर्ण, डिजिटल, निर्जीव शून्य. हेडफोनवर ते फार विचित्र लागतं, दर चार सेकंदांनी फोन कट झाल्यासारखं.

तिसरा उपाय सर्वांत मोहात पाडणारा: लांडग्यांच्या टोळीच्या म्होरक्याचा आवाज चार अर्धस्वर खाली उतरवणं. स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर तो भारदस्त वाटला. पण असा उतरवलेला आवाज फक्त खर्जात जात नाही, तोंडाची पोकळीही मोठी झाल्यासारखी वाटते, म्हणून माणूस पिंपात बसून बोलतोय असं होतं. त, ट, द, ड ही व्यंजनं पसरतात. दीडपट वेगाने ऐकणारे श्रोते काही कमी नाहीत. त्या वेगात त्याचा पार चिखल झाला. आणि साध्या मोबाइलच्या स्पीकरमधून खालचे सूर येतच नाहीत, त्यामुळे जी खोली मिळवायला हे केलं तीच तिथे हरवली. प्रूफच्या शेऱ्यांत म्होरक्याबद्दल एके ठिकाणी नुसतं ‘सर्दी?’ असं लिहिलं होतं.

हे झालं यंत्राचं. त्याच आठवड्यात बाहेर ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला होता. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने पुण्यात नदीकाठी आणि पुलांखाली संध्याकाळी पथकं सराव करतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वेळापत्रक आखताना ते कसं कोण जाणे नेहमी विसरलं जातं. बूथच्या भिंतींवर गाद्या, जाड रजया, खनिज लोकर काहीही लावा, ढोलाचा खर्ज थांबत नाही. तो भिंतींतूनही आत येतो. ८० हर्ट्झखालचं कापणारा हाय-पास फिल्टर लावला होता, पण ढोलाचा ठोका त्याच्या वरही पसरलेला असतो आणि ताशा तर बोलण्याच्याच पट्ट्यात वाजतो. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकरणात गोदामातल्या शांततेच्या मागे अगदी पुसट, पण स्पष्ट ओळखू येणारा ठेका होता. अमेरिकेतल्या गोदामात.

यावर तोडगा एकच. वेळ बदलणं. रेकॉर्डिंग रात्री सव्वादहा ते साडेबारा या पट्ट्यात नेलं. तिथे शांतता उणे ६९ पर्यंत उतरली. फ्रिज आणि पंखा बंद, बूथमध्ये बसण्याआधी खोली तासभर गार करून घ्यायची, फोन दुसऱ्या खोलीत. वेळ एकदा ठरली की संपूर्ण पुस्तकभर तीच ठेवायची. सकाळचा आवाज जड असतो, दिवसभर बोलून झाल्यावरचा वेगळा; एक प्रकरण सकाळी आणि पुढचं रात्री केलं तर ऐकणाऱ्याला नेमकं काय बदललं ते सांगता येत नाही, पण खटकतं.

एवढ्याने शांतता सुधारली. कुजबूज आणि गुरगुर तिथेच होत्या. त्यांचं उत्तर सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं आणि गळ्यातही फारसं नव्हतं, ते संहितेच्या कागदांत होतं. ते कागद रेकॉर्डिंगआधी अभिवाचिकेने एकदाच, तेही कथेसाठी वाचले होते.

कागदावर काय केलं

आधी नावं. शेपशिफ्टरला मराठीत काय म्हणायचं? ‘इच्छाधारी’ म्हटलं की नागीणच डोळ्यांसमोर येते. ‘कामरूपी’ कोशात बरोबर आहे, ऐकताना भलतंच होतं. ‘बहुरूपी’ म्हणजे दारोदार सोंगं घेऊन फिरणारा कलावंत, त्याचा इथे संबंध नाही. ‘रूपपालटे’ छापील पानावर चांगलं दिसतं, पण दोन प एकमेकांवर आदळतात आणि माइकवर दर वेळी फुगा फुटल्यासारखा ‘प्प’ येतो. ‘कायापालटे’ म्हटलं की महापालिकेची जाहिरात आठवते. ‘पालटकर’ असाही प्रस्ताव होता. ‘रात्री पालटकर आले’ हे वाक्य वाचून पाहिल्यावर तो मागे घेतला गेला. शेवटी ‘पालटे’ ठरलं. एक पालट्या, एक पालटी, अनेक पालटे. लहान शब्द, मोकळा आकार, वेगातही कळणारा.

व्हॅम्पायर तसाच ठेवला. ‘वेताळ’ कुणीतरी सुचवला होता. तो चालत नाही. वेताळ भुतांचा राजा आहे, कोकण-गोव्यात तर राखणदार देव. पैंगीण, आमोणे अशा गावांत त्याची देवळं आहेत. त्याला शहरी रक्तपिपासूंच्या टोळीचं नाव देणं हे अनुवादाच्या दृष्टीनेही चुकीचं आणि ऐकणाऱ्यालाही न पटणारं. ‘रक्तपिशाच्च’ हा शब्द पालट्यांच्या तोंडी शिवी म्हणून फक्त सहा ठिकाणी ठेवला. शेवटचा जोड ‘च्च’ पूर्ण उच्चारायला श्वास हाती असावा लागतो, लांब वाक्याच्या टोकाला तो टाकू नये.

मग लिंगाचा पेच. पुस्तकाच्या प्रस्तावनेवजा पहिल्या चार पानांत एक ‘मी’ बोलतो. हा ‘मी’ कोण ते शेवटाजवळ उघड होतं: व्हॅम्पायरांची मुख्य. इंग्रजीत ‘मी’ला लिंग नसतं, मराठीत क्रियापद पहिल्याच वाक्यात चुगली करतं. ‘मी नदीकाठाने चालत गेले’ म्हटलं की बाई आहे हे कळलं, आणि पुस्तक नायिकेच्या ‘मी’मध्येच सांगितलेलं असल्यामुळे श्रोता ही नायिकाच समजून बसला. तिसाव्या प्रकरणात उलगडा होतो तेव्हा त्याला फसवल्यासारखं वाटणार.

मराठीत याला वाट आहे. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्मामागे जातं, कर्त्यामागे नाही. म्हणून: ‘नदीकाठचा रस्ता मी पायी कापला. दार उघडलं. आतल्या माणसाचं काळीज मला रस्त्यावरूनच ऐकू येत होतं.’ कापला तो रस्ता, उघडलं ते दार. बोलणारा बाई की पुरुष, पत्ता नाही. ‘मला दिसलं’, ‘माझ्या हाती आलं’, ‘मी येईन’, ‘मी थांबेन’ हीसुद्धा निर्धोक. ‘जात होते’, ‘बसले’, ‘म्हणाले’ हे सापळे. चार पानांत १९ क्रियापदं बदलली, अनुवादकाच्या संमतीने. हे काम अनुवादातच व्हायला हवं होतं. छापील पुस्तकात डोळा घाईने पुढे जातो म्हणून ते निसटलं असावं, कानाला मात्र प्रत्येक ‘ले’ ऐकू येतो.

नायिका लांडगी झाल्यावर काय? अनुवादात एका ठिकाणी नपुंसकलिंग करून पाहिलं होतं: ‘मी धावलं, मी थांबलं.’ कल्पना चांगली, परिणाम बालनाट्यातल्या सशाचा. स्त्रीलिंगच ठेवलं, फक्त ‘मी’ गाळला आणि वाक्यं तोडली. ‘धावले. थांबले. वास आला. ओला, लोखंडी.’ पालटाच्या क्षणानंतर ‘मी’ हा शब्दच नाही, आणि माणूस झाल्यावर तो परत येतो. आवाज बदलण्याची गरज संपली. शिवाय मराठीत कटकन, मटकन, फाटकन, करकर असे आवाजाचे शब्द इतके आहेत की हाडं मोडण्याचे इफेक्ट टाकायची काही गरज नसते. ते शब्द स्वच्छ, एकसारख्या गतीने म्हटले की पुरतात.

एक शेरा सगळ्यांनी नंतर बराच काळ चघळला. वाक्य होतं: ‘इतक्या वर्षांत तिला जरा शिवली नव्हती.’ म्हणजे म्हातारपण शिवलं नव्हतं. ही ‘जरा’ जगातल्या ज-सारखी, तालव्य. अभिवाचिकेने ‘जरा थांब’मधली दंततालव्य ‘जरा’ म्हटली आणि अर्थ झाला: तिला थोडीसुद्धा शिवली नव्हती. काय शिवली नव्हती? लिपीत दोन्ही एकच, त्यामुळे चूक पानावर दिसूच शकत नाही. तेव्हापासून संहितेत असे शब्द नुक्त्यासारख्या खुणेने दाखवले: दंततालव्य च-ज खाली टिंब, तालव्य मोकळे. ‘जग’ (दुनिया) मोकळं, ‘जग’ (जिवंत राहा) टिंबाचं. अमरत्वाच्या गोष्टीत या दोघांची गाठ दर दहा पानांवर पडते.

‘कोण बोललं?’ या शेऱ्यांचं उत्तरही कागदावरच निघालं. इंग्रजी धाटणीने ‘...असं म्होरक्या म्हणाला’ शेवटी येतं, तोवर श्रोत्याने वाक्य दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेलं असतं. टोळीच्या सभेच्या प्रकरणात सात जण बोलतात. तिथे ‘म्होरक्या म्हणाला’ आधी आणलं. जिथे दोघंच आहेत तिथे उलट ‘म्हणाला-म्हणाली’ काढूनच टाकलं. आणि संबोधनं नीट लावली: व्हॅम्पायरांची मुख्य सगळ्यांना ‘आपण’ म्हणते, शत्रूलासुद्धा, टोळीत सगळे एकमेकांना ‘तू’, फक्त टोळीतल्या म्हाताऱ्या आजीला ‘तुम्ही’. मराठी कान तू-तुम्ही-आपणवरून माणूस ओळखतो. सात वेगळे गळे काढायची गरज तिथे निम्म्याने कमी होते.

गळ्याचं काय केलं

आवाजांचा तक्ता केला. प्रत्येक पात्राची २० ते ३० सेकंदांची नमुना क्लिप, आणि तिच्यासोबत पट्टी. अभिवाचिकेला पेटीची सवय होती, म्हणून ‘खोल’, ‘घोगरा’ अशी विशेषणं न लिहिता पेटीची पट्टी लिहिली: नायिका तिच्या नेहमीच्या बोलण्याच्या पट्टीत, म्होरक्या तीन पट्ट्या खाली, आजी दोन वर. तीन पट्ट्यांहून खाली गेलं की बाईचा आवाज करकरायला लागतो आणि दहा मिनिटांत थकतो. म्होरक्या भारदस्त व्हावा म्हणून खर्ज लावण्याऐवजी त्याची गती कमी केली आणि वाक्यातला एकच शब्द ठासून म्हणायचा असं ठरवलं. यंत्राने उतरवलेला आवाज काढून टाकला.

कुजबुजीची जागा ‘दबक्या आवाजाने’ घेतली. फरक स्वरयंत्राचा. शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय आणि टेबलापलीकडच्या माणसाशी बोलायचंय, असा आवाज: हळू, पण स्वर असलेला. खरी स्वरहीन कुजबूज पूर्ण पुस्तकात तीन वाक्यांनाच. ती आणखी एका कारणासाठी टाळायची, लांब कुजबुजण्याने गळा साध्या बोलण्यापेक्षा जास्त ताणला जाऊ शकतो. दबक्या आवाजात कच्ची सरासरी उणे २५ आली. उणे २० साठी ५ डेसिबल उचलायचे. रात्रीची शांतता उणे ६९ वरून उणे ६४ वर. पास, कोणतंही नॉइज रिडक्शन न लावता.

अंतर बोटांनी मोजलं: ओठांपासून माइकपर्यंत एक वीत. त्याहून जवळ गेलं की दिशा धरणाऱ्या माइकमध्ये खर्ज फुगतो आणि दबका आवाज कानात घुसल्यासारखा होतो. माइक तोंडासमोर न ठेवता ३० अंश बाजूला, हवेचे धक्के अडवणारा पॉप फिल्टर माइकपासून चार बोटं पुढे. मराठीत ख, घ, फ, भ हे हवेचे धक्के सतत येतात आणि ‘फुंकर’, ‘भूक’, ‘घोट’ हे व्हॅम्पायरांचे आवडते शब्द. संथ, दबक्या बोलण्यात जिभेचे चिकट टकटक आवाजही उघडे पडतात. त्याला दर दहा मिनिटांनी कोमट पाणी आणि आंबट हिरव्या सफरचंदाची फोड. चहा-कॉफीने ते वाढतात.

सुळ्यांसाठी पहिल्या फेरीत बोबडं बोलून पाहिलं होतं. स चा थ. मुख्य व्हॅम्पायर पाच वर्षांची वाटायला लागली. सोडून दिलं.

गुरगुरीची यादी हा या दुरुस्तीतला सगळ्यात उपयोगी कागद. पुस्तकभर ४६ जागा, प्रत्येकीचं प्रकरण, ओळ आणि प्रकार: बोलता बोलता येणारी, वाक्याशिवायची, आणि पूर्ण गुरकावणं. पहिल्या प्रकारच्या ३१ जागा तपासल्यावर लक्षात आलं की ‘ती गुरगुरत म्हणाली’ असं लिहिलेलंच आहे. तिथे प्रत्यक्ष गुरगुरणं म्हणजे तेच दोनदा सांगणं. दात आवळून सरळ म्हटलं की झालं. प्रत्यक्ष काढायच्या उरल्या १५. त्या प्रकरणांच्या ओघात कधीच रेकॉर्ड करायच्या नाहीत. सत्राच्या शेवटी, एका वेळी तीन किंवा चार, सगळं मिळून २० मिनिटांच्या आत, गेन १० डेसिबलने उतरवून. अंतर वाढवूनही पातळी पडते, अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल, पण छोट्या बूथमध्ये मागे सरकलं की खोली ऐकू येते. म्हणून दीड वीतभर मागे, मान जराशी वळवून, आणि बाकीचं गेनने.

गळ्याआधी तयारी: ग्लासात पाणी, त्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवून, हुंकारत बुडबुडे काढायचे, तीन ते पाच मिनिटं. यात तोंडाकडून येणारा उलटा दाब स्वरतंतूंना सांभाळून घेतो. गुरगुर स्वरतंतूंच्या वरच्या घड्यांमधून, पोटाच्या जोराने; घसा आवळून नाही. काही जागी श्वास आत घेता घेता आवाज काढला, तो माणसाचा वाटत नाही. घसा खाजला, खोकला आला किंवा वरच्या पट्टीतलं ‘ऊ’ फाटायला लागलं की त्या रात्रीचं काम बंद. खाकरायचं नाही, आवंढा गिळायचा. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवणं एवढंच उरतं.

यंत्राला एक खरं काम मिळालं. व्हॅम्पायर श्वास घेत नाहीत. म्हणून मुख्य व्हॅम्पायरच्या प्रत्येक वाक्याआधीचा श्वास संपादनात काढला आणि त्या जागी त्याच रात्री टिपलेली खोलीची शांतता भरली. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला ६० सेकंद गप्प बसून ती घेतली जायची. नायिकेचे श्वास मात्र तसेच ठेवले. पहिल्या चार पानांतला ‘मी’ही असाच, बिनश्वासाचा. ऐकणाऱ्याला काय वेगळं आहे ते सांगता येत नाही, पण हा ‘मी’ तो ‘मी’ नाही, हे जाणवतं. गेटने हे जमत नाही, कारण गेट श्वासाची जागा रिकामी करतं. एकेक श्वास हाताने काढायला त्या पात्राच्या एका तासाला दोन तास जादा गेले.

बाकी काम सरळ. चुकलं की तीन सेकंद मागे जाऊन, आपलंच वाचन हेडफोनवर ऐकत पुढे उचलायचं. पंच अँड रोल. नमुन्याला २,००० शब्दांना १७ मिनिटं लागली होती, त्यावरून ११ तासांचं पुस्तक धरलं. इंग्रजीत तासाला साधारण ९,३०० शब्द धरतात, तो हिशेब मराठीला लावला असता तर पुस्तक साडेआठ तासांचं ठरलं असतं आणि वेळापत्रक तिथेच कोसळलं असतं. मराठी शब्द लांब, प्रत्यय चिकटलेले.

जुन्या ९ प्रकरणांपैकी ५ पुन्हा केली, त्यात ढोलाची दोन्ही. उरलेल्या चारांत फक्त तुकडे बदलले. तुकडा घेण्याआधी जुन्या फाइलची आधीची ३० सेकंदं ऐकायची आणि मगच तोंड उघडायचं. नुसतं एक वाक्य पाहून घेतलेला पिकअप, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, हमखास जास्त उत्साही येतो.

शेवटची तपासणी तीन प्रकारे झाली: हेडफोनवर पूर्ण, दीडपट वेगाने एकदा, आणि स्वस्त मोबाइलच्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात नळ चालू ठेवून. सगळ्या ३४ फाइल मोजणीत पास होत्या. एकविसाव्या प्रकरणात मुख्य व्हॅम्पायर दाराशी थांबते, लांब विराम घेते आणि म्हणते, ‘आपण आत बोलावलं नाहीत.’ मोबाइलवर त्या विरामात, फार लांबून, कुणाच्या तरी घरची कुकरची शिट्टी होती. रात्री साडेदहाची. हेडफोनवर ऐकताना ती विरामाचाच भाग वाटून गेली होती. ती कापली, तिथे त्या रात्रीची शांतता भरली आणि फाइल पुन्हा एक्स्पोर्ट केली.